स्वप्न कथेला काय देतं?

स्वप्नात दात पडले तर घरातलं कुणीतरी जाणार. लग्न दिसलं तर मरण, आणि मरण दिसलं तर आयुष्य वाढलं. साप काही घरांत पूर्वज असतो, काही घरांत पुत्रप्राप्तीची खूण, काही ठिकाणी पुरलेलं धन. पहाटेचं स्वप्न खरं होतं. जत्रेत आणि स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर मिळणाऱ्या स्वप्नफलाच्या पुस्तिकांत अशा याद्या पानोपानी असतात. नव्याने लिहू लागलेल्यांना हल्ली त्याच यादीची शहरी आवृत्ती दिली जाते: पाणी म्हणजे नेणीव, घर म्हणजे मन, बंद खोली म्हणजे दडपलेली आठवण, जिना म्हणजे आणखी काही. कथेत खोली हवी असेल तर ही प्रतीकं पेरा, असा सल्ला असतो.

हा सल्ला मला घातक वाटतो. स्वप्नातून कथा-कादंबरीला फार मोठं देणं मिळालेलं आहे, पण ते या वाटेने आलेलं नाही. प्राचीन काळी स्वप्नांच्या अर्थाचा सविस्तर ग्रंथ लिहिणारा आर्टेमिडोरस सुद्धा यादीवर विसंबत नव्हता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा ग्रीक माणूस पाच भागांच्या ग्रंथात पुन्हा पुन्हा बजावतो की, स्वप्न ज्याला पडलं त्याचा धंदा काय, तो श्रीमंत की गरीब, वय किती, प्रकृती कशी, त्याच्या गावची रीत काय, हे विचारल्याशिवाय अर्थ सांगू नये. एकच स्वप्न दोघांना पडलं तर त्याची फळं दोन. कथाकाराला याहून जास्त काही कळायला हवं असेल तर ज्यांच्या पुस्तकांचा उगम स्वप्नात झाला, त्यांना नेमकं मिळालं काय, हे तपासावं लागतं.

१७६४ सालच्या जूनमध्ये होरेस वॉलपोल हा इंग्रज सरदारपुत्र एका सकाळी स्वप्नातून जागा झाला. लंडनजवळ स्ट्रॉबेरी हिल इथे त्याने जुन्या गढीसारखं घर बांधून घेतलं होतं आणि डोक्यात मध्ययुगीन कथा घोळत होत्या. पुढच्या वर्षी विल्यम कोल या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, स्वप्नातलं त्याला एवढंच आठवलं: आपण एका पुरातन किल्ल्यात आहोत, आणि मोठ्या जिन्याच्या सर्वांत वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक राक्षसी हात आहे. बस, एक हात. त्याच संध्याकाळी तो लिहायला बसला. पुढे काय येणार याची त्याला कल्पना नव्हती, आणि दोन महिन्यांच्या आत ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ लिहून झाली. इंग्रजीतल्या भयकादंबरीची परंपरा तिथून सुरू होते. पण तो हात कादंबरीत पहिल्या पानावर येत नाही. पहिल्या पानांत आकाशातून प्रचंड शिरस्त्राण पडून वारसदार मुलगा चिरडला जातो. हात दिसतो तो शेवटाकडे, एका दासीला, आणि तोही कठड्यावरच. म्हणजे वॉलपोलने जागेपणी विचारलेला प्रश्न साधा होता: हात एवढा मोठा असेल तर बाकीचा माणूस केवढा, आणि तो या घरात तुकड्यातुकड्यांनी का येतोय?

मेरी शेलीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धीच. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. १८१६ च्या त्या थंड, पावसाळी जूनमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी बायरनच्या बंगल्यात बसलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली. अठरा वर्षांच्या मेरीला काही सुचेना. मग एका रात्री, झोप आणि जाग यांच्या मध्ये, तिला दिसलं की एक फिकट चेहऱ्याचा विद्यार्थी आपण जुळवलेल्या देहाशेजारी गुडघे टेकून बसला आहे आणि तो देह हलू लागला आहे. हे सगळं तिने ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या १८३१ च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत लिहिलंय.

उरलेली अर्धी गोष्ट तिच्या रोजनिशीत आहे. १८१५ च्या फेब्रुवारीत तिला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली आणि ती थोड्याच दिवसांत गेली. मार्चमध्ये मेरीने एका स्वप्नाची नोंद केली: बाळ मेलेलं नव्हतंच, फक्त गारठलं होतं, शेकोटीजवळ धरून चोळल्यावर ते जिवंत झालं. नंतर जाग आली, आणि बाळ नव्हतं. ही नोंद वाचल्यावर ‘फ्रँकेन्स्टाइन’ मधला देह वेगळा दिसू लागतो. वर्षभर आधी ज्या स्वप्नाने तिला क्षणभर दिलासा दिला, तेच स्वप्न भीतीचं रूप घेऊन परत आलं. मेलेलं जिवंत करणं हे दोन्हींत आहे, पण कादंबरीत जिवंत करणारा ते पाहून पळ काढतो. कुठल्याही स्वप्नकोशात हे सापडणार नाही. मेरीने दुसऱ्या दिवशी लिहायला घेतलेला तो नोव्हेंबरच्या रात्रीचा प्रसंगही छापील पुस्तकात सुरुवातीला नाही. त्याच्या आधी अख्खं बालपण, शिक्षण, आईचा मृत्यू येतो. दृश्य आधी सुचलं आणि त्याकडे जाणारा रस्ता नंतर बांधला गेला.

याबाबत सर्वांत प्रामाणिक साक्ष रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची. १८८८ च्या जानेवारीत त्याने स्वप्नांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात तो स्वप्नात काम करणाऱ्या छोट्या अदृश्य मंडळींना बरंच श्रेय देतो, पण हिशेबही चोख मांडतो. माणसातल्या दुहेरीपणावर कथा लिहायची इच्छा त्याला फार आधीपासून होती. तसा एक प्रयत्नही त्याने केला होता, तो पुढे जाळून टाकला. पैशांची ओढाताण सुरू झाली, दोन दिवस कथानकासाठी डोकं शिणवलं, आणि दुसऱ्या रात्री स्वप्नात खिडकीजवळचा प्रसंग दिसला. त्यानंतर दुसरा: पाठलाग होत असलेला हाइड, म्हणजे डॉ. जेकिलचं दुसरं रूप, पाठलाग करणाऱ्यांसमोरच पूड घेतो आणि बदलतो. बाकी सगळं, म्हणजे स्थळ, पात्रं, नैतिक अर्थ, आपण जागेपणी रचलं असं तो स्पष्ट सांगतो. १८८६ मध्ये जेकिल आणि हाइड यांचं ते पुस्तक आलं. त्यातला खिडकीचा प्रसंग आजही वाचून पाहावा. जेकिल खिडकीत बसलाय, खाली अंगणात दोन मित्र, साधं बोलणं चाललंय. अचानक त्याच्या चेहऱ्यावर असं काही येतं की खिडकी बंद होते आणि ते दोघे एकमेकांकडे पाहायचंही टाळत निघून जातात. काय दिसलं हे सांगितलेलं नाही. स्वप्नातून आलेला भाग हा, आणि तो न समजावता तसाच ठेवण्याची बुद्धी मात्र जाग्या लेखकाची.

या साक्षी किती खऱ्या मानायच्या? मेरीची प्रस्तावना घटनेनंतर पंधरा वर्षांनी लिहिलेली. इंग्रज कवी कोलरिजने ‘कुब्ला खान’ ही कविता १८१६ मध्ये छापली तेव्हा प्रस्तावनेत सांगितलं की १७९७ साली अफूच्या गुंगीत, झोपेत दोनतीनशे ओळी तयार झाल्या होत्या, जागा होऊन उतरवत असताना पोरलॉकहून कुणी माणूस कामासाठी आला आणि उरलेलं विरून गेलं. पण त्याच्या हातच्या एका जुन्या प्रतीवर जी टीप आहे तिच्यात गाढ झोप नाही, नुसती तंद्री आहे. आणि पोरलॉकचा माणूस कुठेच नाही. म्हणजे स्वप्नाची हकिकतही पुढे सुधारली गेली. फ्रॉइडने या सुधारणेला स्वप्नरचनेचाच एक टप्पा मानलं आहे: जाग येताच मन स्वप्नातल्या फटी बुजवतं, अनुक्रम लावतं, कारणं जोडतं. आपण सकाळी जे सांगतो ते स्वप्नाचं पहिलं पुनर्लेखन असतं. कथाकाराच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट आहे, कारण स्वप्न सांगता सांगताच तो त्याच्या कामाला लागलेला असतो. धोकाही इथेच आहे. बुजवलेल्या फटींतच बहुतेक वेळा खरा ऐवज असतो.

फ्रॉइडचं ‘स्वप्नमीमांसा’ हे पुस्तक १८९९ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आलं, मुखपृष्ठावर साल १९०० घालून. सहाशे प्रती संपायला आठ वर्षं लागली. पुढे त्याचा साहित्यावर जो परिणाम झाला त्यातला निम्मा मला नुकसानीचा वाटतो, आणि त्याचा दोष फ्रॉइडपेक्षा त्याच्या घाईघाईच्या वाचकांचा. प्रतीकांचा भाग त्याने नंतरच्या आवृत्त्यांत वाढवला, पण स्वप्न पाहणाऱ्याच्या मनात त्या वस्तूविषयी काय काय येतं ते ऐकणं ही मुख्य रीत आणि प्रतीकं दुय्यम, असंच त्याचं म्हणणं होतं. लेखकांनी यादी उचलली आणि रीत सोडली. युंगच्या आदिबंधांचंही तेच झालं: शहाणा म्हातारा, सावली, महामाता हे साचे तयार मिळाले. नाबोकोव्हला या साऱ्याचा मनस्वी तिटकारा होता, तरी स्वप्नांचा नव्हता. १९६४ च्या ऑक्टोबरपासून सुमारे तीन महिने त्याने उठल्या उठल्या आपली स्वप्नं कार्डांवर टिपली. २०१८ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्यांत अर्थ लावण्याचा आटापिटा नाही. रंग, जागा, कोण कुठे उभं होतं, अशा नोंदी आहेत.

मला सर्वांत उपयोगी वाटणारा विचार बोर्हेसचा आहे. ‘रागनारोक’ या छोट्या कथेच्या आरंभी तो कोलरिजचा हवाला देऊन सांगतो की जागेपणी चित्र दिसतं आणि त्यातून भावना निर्माण होते, स्वप्नात हे उलट चालतं. स्फिंक्स छातीवर बसला म्हणून आपण घाबरत नाही. भीती आधी असते आणि तिचा खुलासा म्हणून मन स्फिंक्स रचतं. मग तो स्वतःचं एक स्वप्न सांगतो. विद्यापीठाच्या सभागृहात निवडणूक चालू आहे, शतकांच्या वनवासानंतर जुने देव परत येतात, टाळ्या होतात, आणि हळूहळू लक्षात येतं की देव आता बोलू शकत नाहीत, त्यांचे चेहरे क्रूर आणि अडाणी झाले आहेत. सगळे जण जड पिस्तुलं काढतात आणि आनंदाने देवांना मारतात. कथा संपूर्ण पटते, कारण ती ज्या भावनेचं रूप आहे ती भावना वाक्यावाक्यात चढत गेलेली आहे.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अर्नेस्ट हार्टमन यांनी हीच गोष्ट रुग्णांच्या स्वप्नांतून पाहिली. आगीतून वाचलेल्या माणसाला आधी आगीची स्वप्नं पडतात आणि नंतर प्रचंड लाटेने वाहून नेल्याची. लाट हे आगीचं प्रतीक नव्हे. ते असहायतेचं चित्र. १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांची वेगवान हालचाल होणारी झोप शोधून काढली. त्या झोपेत मेंदूचे भावनेशी जोडलेले भाग चांगलेच जागे असतात आणि तर्क व देखरेख करणारा पुढचा भाग बराच शांत असतो, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं. स्वप्नात आपल्याला नवल का वाटत नाही याचं उत्तर यात आहे. काफ्काने १९१५ च्या ‘रूपांतर’मध्ये नेमकं हेच नवल काढून घेतलं. ग्रेगोर किडा झालाय, आणि त्याला चिंता आहे पाचची गाडी चुकल्याची. निवेदक सुरुवातीलाच सांगतो की हे स्वप्न नव्हतं. स्वप्नाची शिस्त घ्यायची आणि स्वप्नाची सबब टाकायची, हा त्यातला धडा मोठा आहे. कथेच्या शेवटी माणूस घामाघूम होऊन उठतो आणि सगळं स्वप्न होतं असं कळतं, तेव्हा लेखकाने वाचकाला दिलेलं सगळं परत मागितलेलं असतं.

पुस्तकाच्या आत पात्राला पडणारं स्वप्न ही आणखी अवघड गोष्ट. बहुतेक वाचक ते परिच्छेद ओलांडून पुढे जातात. दोस्तोयव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ मध्ये कुणी ओलांडत नाही. सात वर्षांचा रास्कोल्निकोव्ह वडिलांचा हात धरून चाललाय; दारू प्यायलेला मिकोल्का आपल्या मरतुकड्या घोडीला भरलेली गाडी ओढायला लावतो, चाबकाने, मग दांड्याने, मग पहारीने मारतो; कुणीतरी कुऱ्हाड आणा म्हणून ओरडतं; मुलगा मेलेल्या घोडीच्या रक्ताळलेल्या तोंडाचे मुके घेतो. जागा झाल्यावर रास्कोल्निकोव्हला सावकारी करणाऱ्या म्हातारीला मारण्याच्या स्वतःच्या बेताची शिसारी येते, मोकळं वाटतं. आणि त्याच संध्याकाळी, विनाकारण लांबच्या वाटेने घरी जाताना, म्हातारी उद्या सातला एकटी असणार हे त्याच्या कानावर पडतं. स्वप्नाने त्याला सावध केलं, पण वाचवलं नाही. घोडी कोण? म्हातारी, तिची बहीण, त्याची स्वतःची बहीण, की तोच? दोस्तोयव्हस्की एकही उत्तर पक्कं होऊ देत नाही, म्हणून घोडी घोडीच राहते आणि मार खऱ्या अंगावर बसतो.

टॉलस्टॉयने ‘अ‍ॅना कारेनिना’ मध्ये वेगळं केलं. विस्कटलेल्या दाढीचा, वाकून काहीतरी करणारा, फ्रेंचमध्ये पुटपुटणारा एक शेतकरी व्रोन्स्कीच्या आणि अ‍ॅनाच्या स्वप्नात येतो. अ‍ॅना त्याचा अर्थ लावते की आपण बाळंतपणात मरणार. ती तेव्हा मरत नाही. अर्थ चुकला, पण चित्र चुकलं नव्हतं: लोखंड, वाकलेला माणूस, आणि पहिल्याच भेटीच्या वेळी रेल्वेखाली सापडलेला कामगार यांचा धागा शेवटच्या स्टेशनपर्यंत जातो. प्रतीक असं पुस्तकाच्या आत, पुन्हा पुन्हा येऊन वाढतं. बाहेरच्या कोशाची त्याला गरज पडत नाही.

आणि जपानी लेखक नात्सुमे सोसेकी. १९०८ च्या उन्हाळ्यात टोकियोच्या ‘आसाही’ वर्तमानपत्रात त्याने दहा रात्रींची दहा स्वप्नं लिहिली. तिसऱ्या रात्री एक माणूस सहा वर्षांच्या आंधळ्या मुलाला पाठुंगळी घेऊन अंधारात शेतांतून चाललाय. मूल त्याचंच आहे. आवाज मुलाचा, बोलणं मोठ्या माणसाचं. मुलाला रस्ता माहीत आहे. कुठे वळायचं, कुठला दगड येणार, सगळं तो आधी सांगतो. बापाला वाटतं याला जंगलात टाकून द्यावं. देवदाराच्या मुळाशी आल्यावर मूल म्हणतं, बरोबर शंभर वर्षांपूर्वी, बुंका पाचमध्ये, तू मला इथेच मारलंस. बुंका पाच म्हणजे १८०८, वाचकाच्या हातातला अंक १९०८ चा. त्याच क्षणी पाठीवरचं मूल दगडी मूर्तीसारखं जड होतं. हे खरंच पडलेलं स्वप्न की रचलेलं, हा प्रश्न वाचताना सुचतही नाही. सालाचा तो हिशेब मात्र अत्यंत जाग्या माणसाचा आहे.

आपल्याकडचा प्रवाह या सर्वांहून वेगळा आहे आणि कथाकारांनी तो पुरेसा वापरलेला नाही असं माझं मत आहे. युरोपात स्वप्न बहुधा खूण असते, जिचा अर्थ लावायचा. आपल्या कथांमध्ये ते बऱ्याचदा घटना असते, जिचे परिणाम भोगायचे. लोकांच्या तोंडी असलेल्या हरिश्चंद्राच्या कथेत राजा विश्वामित्राला राज्य देतो ते स्वप्नात. मार्कंडेय पुराणात तसं नाही. स्वप्नाचा भाग लोकपरंपरेने जोडला, आणि कथेची धार त्यानेच वाढली. झोपेत दिलेला शब्द जागेपणी पाळायचा की नाही? डोंबाघरच्या स्मशानापर्यंत जाणारी सारी यातना या एका होकारातून निघते. बाणासुराची मुलगी उषा स्वप्नात पाहिलेल्या पुरुषासाठी झुरते, तेव्हा तिची सखी चित्रलेखा अर्थ सांगत बसत नाही, चित्रं काढते. देव, गंधर्व, माणसं, एकेक चेहरा, शेवटी अनिरुद्ध. आणि मग त्याला द्वारकेहून झोपेतच उचलून आणते.

भासाच्या ‘स्वप्नवासवदत्त’ नाटकातला पाचवा अंक तर रंगभूमीवरचा चमत्कार आहे. मेली असं समजून जिच्यासाठी उदयन झुरतोय ती वासवदत्ता त्याच्याच बिछान्याशी बसली आहे. तो झोपेत बोलतो, ती उत्तरं देते. जाताना ती त्याचा खाली लोंबकळणारा हात उचलून बिछान्यावर ठेवते. त्या स्पर्शाने तो उठतो, धावतो, दारावर आपटतो. विदूषक म्हणतो, स्वप्न पडलं असेल. प्रेक्षकाला माहीत असतं की हात खरोखर उचलला गेला होता. योगवासिष्ठातल्या लवण राजाला जादूगार मोरपिसांचा कुंचा फिरवून काही क्षण गुंगवतो. तेवढ्यात तो चांडाळांच्या वस्तीत पूर्ण संसार करतो, दुष्काळ पाहतो, आगीत उडी घेतो. शुद्धीवर आल्यानंतर तो त्या दिशेला शोधत जातो आणि तिथे त्याची सासू रडत बसलेली खरंच सापडते. ही म्हातारी नसती तर ही तत्त्वज्ञानाची दृष्टांतकथा राहिली असती. ती आहे म्हणून ती कथा आहे.

मराठीत तर कवित्वाचा अधिकारच स्वप्नातून आलेला आहे. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि अभंग रचायला सांगितलं, असं तुकोबा सांगतात. गुरूपदेशही त्यांना बाबाजी चैतन्यांकडून स्वप्नातच मिळाला. संत बहिणाबाईंनी तुकोबांना प्रत्यक्ष पाहण्याआधी कोल्हापुरात स्वप्नात गुरू केलं, आणि आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत हे सारं नवरा, वासरू, मारहाण या घरच्या तपशिलांबरोबर नोंदवलं. त्या काळी एका विवाहित ब्राह्मण बाईला शूद्र गुरू करण्याची परवानगी कोण देणार होतं? ती स्वप्नाने दिली. स्वप्न कथेत काय काम करू शकतं याचा याहून ठोस नमुना मला माहीत नाही.

आधुनिक मराठी गद्याच्या उंबरठ्यावरही एक स्वप्नच आहे. निवेदकाला झोपेत दिसलेली यात्रा सांगणारं इंग्रज लेखक बन्यनचं १६७८ चं रूपक हरि केशवजींनी १८४१ मध्ये ‘यात्रिक क्रमण’ म्हणून मराठीत आणलं. पुढे मर्ढेकरांनी १९४२ च्या ‘रात्रीचा दिवस’ मध्ये संज्ञाप्रवाहाचा प्रयोग केला, विलास सारंगांनी काफ्काच्या वाटेवरचं विचित्र, थंड गद्य लिहिलं. पण स्वप्नाची रीत पुरती पचवली ती जी. ए. कुलकर्णींनी. ‘पिंगळावेळ’ मधली ‘स्वामी’ घ्या. एक साधा माणूस मठात पाहुणा म्हणून जातो आणि त्यालाच स्वामी ठरवून कायमचं कोंडलं जातं. आदर, पक्वान्नं, नम्र बोलणं, आणि बाहेर जायला वाट नाही. कथेत स्वप्न पडल्याचा उल्लेख करावाच लागत नाही, कारण प्रत्येक वाचकाने ही कोंडी झोपेत कधीतरी अनुभवलेली असते.

मग लिहिणाऱ्याने प्रत्यक्षात करायचं काय? सुरुवातीचा दात घेऊ. समजा, एका बाईला स्वप्न पडलं: माहेरी पंगत बसली आहे, ती वाढतेय, आणि तोंडातले दात सुटून तिच्या हातात येतात. ती मूठ मिटते आणि दुसऱ्या हाताने वरण वाढत राहते. यादीप्रमाणे चालणारा लेखक संध्याकाळी सासऱ्यांना मारेल. पण स्वप्नात मरणाचं भय नव्हतंच. भय होतं ते कुणीतरी मूठ उघडायला सांगेल याचं. ते भय आधी कागदावर उतरवायचं, दात नंतर. मग विचारायचं की जागेपणी या बाईची मूठ कुठे मिटलेली आहे. भावांनी तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली, बदल्यात साडी दिली, आणि आज त्याच जमिनीच्या पैशातून बांधलेल्या घराची वास्तुशांत आहे. ती वाढतेय, सगळे तिचं कौतुक करतायत. आता कथेत दात आले नाहीत तरी चालेल. अंगठ्याला लागलेली निळी शाई पुसूनही जात नाही म्हणून तिने मिटून ठेवलेली मूठ पुरेशी आहे. स्वप्नाने दिली ती मूठ, पंगत आणि भय यांची गाठ. हक्कसोडपत्र लेखिकेला आपल्या माहितीतून आणावं लागलं. स्वप्न टिपताना ‘जणू’, ‘वाटलं की’, ‘अचानक’ हे शब्द गाळले तर ते जास्त टिकतं, हाही अनुभव बऱ्याच जणांना येईल.

स्वप्न आपल्या एकट्याचं असतं ही समजूतही तपासायला हवी. शार्लोट बेराट या पत्रकार बाईंनी १९३३ ते १९३९ या काळात बर्लिनमध्ये शेजारी, शिंपीण, डॉक्टर, दूधवाला अशा सुमारे तीनशे लोकांची स्वप्नं गोळा केली. नोंदी पुस्तकांच्या बांधणीत लपवल्या, परदेशी पाठवल्या. पुस्तक १९६६ मध्ये निघालं. साठीच्या एका कारखानदाराला हिटलर सत्तेवर आल्यानंतर तीन दिवसांनी स्वप्न पडलं की गोबेल्स कारखान्यात आलाय आणि कामगारांसमोर त्याला सलामीसाठी हात वर करायचा आहे. हात वर जायला अर्धा तास लागतो, इंचाइंचाने. हात पोचल्यावर गोबेल्स म्हणतो, मला तुझी सलामी नको, आणि निघून जातो. एका डॉक्टरला दिसलं की घराच्या भिंती नाहीशा झाल्या, कारण भिंती रद्द करण्याचा हुकूम निघालाय. यात उलगडायचं काही शिल्लक नाही. वर्तमानपत्रं जे छापू शकत नव्हती ते लोक झोपेत अचूक पाहत होते. हुकमाची भाषा, अर्ध्या तासाचा अवधी, हे तपशील कुठल्याही कादंबरीकाराने हेवा करावा असे आहेत.

इस्माइल कादारे या अल्बेनियन लेखकाने ‘स्वप्नांचा महाल’ मध्ये इथून पुढचं पाऊल टाकलं. त्याच्या कल्पित ऑटोमन साम्राज्यात एक सरकारी खातं आहे. ते सगळ्या प्रजेची स्वप्नं गोळा करतं, निवडतं, त्यांचे अर्थ लावतं आणि राज्याला धोका सांगणारं स्वप्न सुलतानापुढे ठेवतं. मार्क-आलेम तिथे कारकून म्हणून लागतो. पूल, ओसाड जागा, वाद्य आणि बैल असलेलं एक स्वप्न त्याच्या टेबलावरून दोनदा जातं. त्याच्या आईच्या घराण्याचं नाव पुलावरून पडलेलं आहे, तरी तो पूल त्याला ओळखू येत नाही. दुसरं कुणीतरी तो ओळखतं, आणि घराण्यावर धाड पडते, मामाला प्राण गमवावे लागतात. मार्क-आलेम पुढे त्याच महालाचा मुख्याधिकारी होतो. १९८१ साली तिरानात प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीवर लवकरच बंदी आली. तिथल्या राज्यकर्त्यांना त्या महालात आपलीच कचेरी दिसली होती.